बहाव्याचे चित्र आणि उन्हाची चिंता

‘मी मोठा होईन तेव्हा पृथ्वी राहण्याजोगी उरेल काय?’ हा प्रश्न आजची मुले विचारतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२१ साली भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वर्षे वयाच्या १०,००० तरुणांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ५९ टक्क्यांना हवामानबदलाची फार किंवा अतिशय चिंता वाटत होती. ४५ टक्क्यांहून अधिक जणांच्या नित्य व्यवहारावर तिचा अनिष्ट परिणाम होत होता. ही भीती म्हणजे मनाचा रोग नव्हे. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीहून सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक उष्ण होते. ज्याला हे कळते त्याला काळजी वाटणारच. ‘काही होत नाही’ असे म्हणून मुलाला गप्प करणे म्हणजे त्याला त्या भीतीत एकटे सोडणे होय.

मग करावे काय? एक साधी वाट केरळातील अनेक शाळांना सापडली आहे. ‘सीझनवॉच’ या २०१० साली सुरू झालेल्या देशव्यापी उपक्रमात विद्यार्थी एक झाड निवडतो आणि दर आठवड्याला पाने, फुले व फळे पाहून ‘नाहीत, थोडी, पुष्कळ’ एवढीच नोंद करतो. एप्रिलच्या मध्यात येणाऱ्या विषूच्या सणाला तेथे बहाव्याची पिवळी फुले लागतात. परंतु झाडे पुष्कळदा सणाआधीच फुललेली आढळतात. हे अंतर किती, ते वर्षानुवर्षांच्या नोंदींवाचून सांगता येत नाही.

या नोंदीला चित्राची जोड द्यावी, असे आम्हांस वाटते. बहाव्याचे एक फूल समोर ठेवून रेखाटू लागा. पाकळ्या पाच, हे चटकन दिसते. पुंकेसर मात्र दहा असूनही सारखे नसतात: तीन लांब व धनुष्यासारखे वाकलेले, चार मध्यम, तीन अगदी खुजे. हा भेद न्याहाळताना अर्धा तास सहज जातो, आणि तेवढा वेळ मन पन्नास वर्षांनंतरच्या संकटावरून समोरच्या फुलावर स्थिरावते. चित्र ओबडधोबड आले तरी चालेल. वर्गातील उत्तम चित्रकार पुष्कळदा फूल न पाहताच ते काढून मोकळा होतो!

मुलाची चिंता विसरवणे हा मात्र यातील हेतू नव्हे. वहीत फुलाशेजारी भीतीलाही जागा असावी. मुलांनी झाडाखाली बसून ती बोलून दाखवावी आणि वडीलधाऱ्यांनी ऐकून घ्यावी. झोप वा भूक उडाली असेल, तर वहीवर न विसंबता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चित्रांनी पृथ्वी थंड होत नाही, कोळसा व तेल जाळणे कमी करण्याचे काम मोठ्यांचे आहे, हेही त्यांना खरेपणाने सांगावे.

वही मिटण्यापूर्वी चित्राखाली तारीख व झाडाचे ठिकाण अवश्य लिहावे. त्यांवाचून ते संशोधकाच्या उपयोगी पडत नाही.