समुद्र पोहून येणारा ‘राजा’: इराक्ली चार्क्वियानी

जॉर्जियन भाषेत राजाला ‘मेपे’ म्हणतात. त्या देशातील राजेशाही लयाला जाऊन दोन शतके उलटली. तरीही तिबिलिसी शहरात ‘मेपे’ हा शब्द उच्चारला की अनेकांच्या डोळ्यांपुढे एक कवी-गायक उभा राहतो. त्याचे नाव इराक्ली चार्क्वियानी. २४ फेब्रुवारी २००६ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून त्याचे निधन झाले. त्याची गाणी मात्र आजही ऐकली जातात.

चार्क्वियानीचा जन्म १९ नोव्हेंबर १९६१ रोजी तिबिलिसीत झाला. त्याचे आजोबा कांदिद चार्क्वियानी हे १९३८ ते १९५२ या काळात, म्हणजे स्टालिनच्या कारकिर्दीत, जॉर्जियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव होते. प्रजासत्ताकातील सर्वोच्च सत्तापद ज्या घराने भूषविले, त्याच घरातील नातवाने पुढे ‘राजा’ हे बिरुद मिरवले. ज्या व्यवस्थेने सिंहासने मोडीत काढली, तिच्याच एका अधिपतीचा हा नातू. त्याच्या नावातही हा खेळ दडलेला आहे: ‘इराक्ली’ आणि जॉर्जियन राजांचे ‘एरेक्ले’ ही एकाच ग्रीक नावाची दोन रूपे होत. हे बिरुद थट्टेचे की गांभीर्याचे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या चाहत्यांना कधी आवश्यक वाटले नाही.

त्याची पिढी समजून घ्यायची तर एक तारीख ध्यानात ठेवावी लागते. नव्या घटनेतून जॉर्जियन भाषेचा राजभाषेचा दर्जा काढून घेण्याचा घाट सोव्हिएत सत्तेने घातला, तेव्हा १४ एप्रिल १९७८ रोजी तिबिलिसीच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले आणि सत्तेला माघार घ्यावी लागली. चार्क्वियानी त्या वेळी सोळा वर्षांचा होता. तेहतीस अक्षरांची स्वतंत्र लिपी असलेली ही भाषा जगात फार थोड्या लोकांची आहे. तिच्यात कविता करणे ही त्या पिढीसाठी केवळ वाङ्मयीन हौस उरली नव्हती.

तिबिलिसी विद्यापीठात त्याने पाश्चात्त्य साहित्याचा अभ्यास केला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘रिअ‍ॅक्टिव्ह क्लब’ या नावाने एकत्र आलेल्या बंडखोर तरुण कवींमध्ये तो होता. अधिकृत साहित्याची गुळगुळीत, उदात्त भाषा या कवींना मान्य नव्हती. रस्त्यावरची बोली, विडंबन आणि विक्षिप्तपणा त्यांनी कवितेत आणला. चार्क्वियानीने तोच बाणा संगीतात नेला. रॉक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताची चौकट त्याने बाहेरून घेतली. शब्द आणि त्यांचे वळण मात्र जॉर्जियनच ठेवले.

काळही साधा नव्हता. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि वर्ष संपण्यापूर्वीच राजधानीच्या मुख्य रस्त्यावर, रुस्तावेली मार्गावर, आपसांत गोळीबार सुरू झाला. पाठोपाठ अबखाझियाचे युद्ध आले. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये सोखुमी शहर पडले आणि लाखो माणसे निर्वासित झाली. वीज नाही, हिवाळ्यात ऊब नाही, पगाराला किंमत नाही, अशी ती वर्षे होती. ज्यांना शक्य झाले ते देश सोडून गेले. १९८९ च्या जनगणनेत सुमारे चोपन्न लाख असलेली लोकसंख्या २०१४ च्या जनगणनेत, अबखाझिया व दक्षिण ओसेतिया वगळता, सुमारे सदतीस लाखांवर आली होती.

या पार्श्वभूमीवर त्याचे सर्वांत प्रसिद्ध गीत ऐकावे लागते. त्याचे शीर्षक ‘मे गाद्मोव्त्सुराव झ्घ्वास’. इंग्रजीत त्याचे भाषांतर ‘मी समुद्र पोहून पार करीन’ अशा अर्थाने केले जाते; पण त्यात मुख्य गोष्टच निसटते. जॉर्जियन क्रियापदाला दिशा असते. ‘गादा’ हा उपसर्ग लावला तर माणूस इथून पलीकडे जातो. ‘गाद्मो’ लावला तर पलीकडून इकडे येतो. मराठीत ‘जाणे’ आणि ‘येणे’ या दोन क्रियापदांनी जो भेद दाखवावा लागतो, तो तिथे एका उपसर्गाने होतो. चार्क्वियानीने दुसरा उपसर्ग निवडला आहे. त्याचा नायक समुद्रापार जात नाही. समुद्र ओलांडून तो कोणाकडे तरी येत आहे. परदेशात घर केलेल्या वाचकाला या दोहोंतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पोहण्याची ही प्रतिमा त्याच्या गद्यातही येते. त्याच्या गाजलेल्या पुस्तकाचे नाव ‘म्श्विदी त्सुर्वा’, म्हणजे ‘शांत पोहणे’. वादळी दशकात जगलेल्या माणसाने आपल्या पुस्तकाला असे नाव द्यावे, यातच त्याच्या वृत्तीची ओळख पटते.

मग त्याचा वारसा कोणता? त्याने पक्ष काढला नाही की सत्ता गाजवली नाही. छोट्या भाषेत आधुनिक होता येते, त्यासाठी तिला बाजूला ठेवावे लागत नाही, एवढेच त्याने दाखवून दिले. आजोबांचे पद इतिहासाच्या पुस्तकात राहिले. नातवाचे बिरुद लोकांच्या तोंडी आहे, आणि ते काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही सत्तेकडे नाही.