देवमाशाशीं सुरांचा संवाद

१९७७ सालीं अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं. प्रत्येकांतील सुवर्णमंडित तबकडीवर गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, तसेंच हंपबॅक जातीच्या देवमाशाचें गाणेंहि आहे. परंतु तबकडीवर शेजार लाभला म्हणून परस्परांची भाषा कळली, असें नव्हे.

या जातीचा नर तासन्‌तास गातो. एका समुद्रांतील नर बहुधा एकच गाणें गातात, आणि कालांतरानें सारे मिळून तें बदलतात, जणूं घराणेंच! कित्येकांनीं नौकेवरून त्यांना वाद्यें ऐकविलीं. पण मिळालेला प्रतिसाद वाद्याला होता कीं तो योगायोग, हें ठरविणें कठीण. २०२१ सालीं अलास्काजवळ शास्त्रज्ञांनीं वाद्याऐवजीं देवमाशांचीच हांक पाण्यांत ऐकविली. तेव्हां ‘ट्वेन’ नांवाच्या मादीनें सुमारें २० मिनिटें तिला ओ दिली. त्या हांकेचा नेमका अर्थ मात्र उलगडला नाहीं.

आपल्या अरबी समुद्रांतहि हे गायक आहेत; पण थोडे. पाण्याखालीं त्यांना दृष्टीपेक्षां नादाचा आधार अधिक, आणि जहाजांच्या यंत्रांचा गोंगाट तोच नाद बुजवितो. म्हणून त्यांना आपलें गाणें ऐकविण्यापूर्वीं त्यांचें गाणें त्यांना ऐकूं येईल एवढी शांतता समुद्रांत राखणें, हें आपलें पहिलें कर्तव्य होय.