इंग्रजी वाक्याचे घटक

इंग्रजी वाक्याचे घटक म्हणजे इंग्रजी वाक्याची रचना समजण्यासाठी केलेले त्याचे विभाग होत. ज्याविषयी बोलायचे ते उद्देश्य आणि त्याविषयी जे सांगायचे ते विधेय, असे दोन मुख्य भाग मानले जातात. विधेयात क्रियापद, कर्म, पूरक आणि क्रियाविशेषणात्मक विस्तार यांचा समावेश होतो. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्यापूर्वी हा विषय साधारणतः पाचवीपासून सुरू होत असे.

परिभाषेची पार्श्वभूमी

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा ठसा होता. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतच्या शब्दांच्या आठ जाती पुढे शालेय मराठी व्याकरणात रूढ झाल्या. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात या विषयाची अधिक सखोल चर्चा आढळते. परिणामी मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी व्याकरणातील बहुतेक संज्ञा ओळखीच्या वाटतात. मात्र समान संज्ञेखाली दोन्ही भाषांतील रचना समान असतेच असे नाही.

शब्दक्रम आणि कर्ता

मराठीत नामाचे कार्य मुख्यतः विभक्तिप्रत्ययावरून कळते. ‘कंडक्टरने प्रवाशाला पाहिले’ आणि ‘प्रवाशाला कंडक्टरने पाहिले’ यांत पाहणारा एकच आहे. इंग्रजीत ‘द कंडक्टर सॉ द पॅसेंजर’ या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल केल्यास पाहणारा प्रवासी ठरतो, कारण तेथे कर्ता क्रियापदापूर्वी व कर्म त्यानंतर येते. ‘हून’, ‘ला’ हे प्रत्यय नामाच्या शेवटी लागतात, तर त्यांचे काम करणारी इंग्रजी अव्यये नामाआधी येतात: ‘बस स्वारगेटहून साताऱ्याला जाते’ याचे इंग्रजी ‘द बस गोज फ्रॉम स्वारगेट टू सातारा’ असे होते.

‘स्वारगेटला उतरलो’ हे मराठी वाक्य पूर्ण आहे. क्रियापदाच्या रूपातच पुरुष, वचन व लिंग आलेले असते. इंग्रजी विधानात कर्ता सहसा गाळता येत नाही. पाऊस पडत असल्याचे सांगतानाही ‘इट इज रेनिंग’ असा नावापुरता कर्ता घालावा लागतो.

प्रश्नार्थक वाक्यात मराठीला शेवटचा ‘का’ पुरतो: ‘ही बस स्वारगेटला जाते का?’ इंग्रजीत ‘डझ धिस बस गो टू स्वारगेट?’ असे सहाय्यक क्रियापद पुढे येते आणि तृतीय पुरुषी एकवचनाचा प्रत्यय स्वतःकडे घेते. त्यामुळे मूळ क्रियापद ‘गोज’ न राहता ‘गो’ होते. येथे प्रत्यय दोन्हीकडे ठेवण्याची चूक वारंवार होते.

प्रयोगाविषयीचा घोटाळा

सर्वाधिक गोंधळ ‘कर्मणी’ या संज्ञेमुळे होतो. ‘मी तिकीट काढले’ व ‘मी तिकिटे काढली’ या वाक्यांत क्रियापद कर्मानुसार बदलते, म्हणून मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग ठरतो. त्याचे स्वाभाविक इंग्रजी रूप मात्र ‘आय बॉट अ टिकिट’ असे कर्तरी आहे. तिकिटे कितीही असली तरी क्रियापद ‘बॉट’ असेच राहते. इंग्रजी कर्मणी रचनेला जवळची मराठी रचना ‘तिकीट माझ्याकडून काढले गेले’ ही असून तिला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. केवळ नाव सारखे म्हणून मराठीतील प्रत्येक कर्मणी वाक्याचे इंग्रजी कर्मणीत रूपांतर केल्यास भाषांतर कृत्रिम होते.

‘मला इंग्रजी येते’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता ‘इंग्रजी’ आहे आणि जाणणारी व्यक्ती चतुर्थीत आहे. ‘आय नो इंग्लिश’ या वाक्यात तीच व्यक्ती कर्ता होते आणि भाषा कर्म. ‘माझ्याकडे दोन पुस्तके आहेत’ आणि ‘आय हॅव टू बुक्स’ यांतही हाच फेरबदल दिसतो.