बा-बा-बा म्हणजे ‘बाबा’ नव्हे

बाळ ‘बाबा’ म्हणालं की घरात केवढा आनंद होतो! पण सात महिन्यांचं बाळ जे बा-बा-बा करतं, तो शब्द नसतो बरं का. ती जीभ-ओठांची कवायत असते. मिटलेले ओठ आवाज काढता काढता उघडले की ‘बा’ किंवा ‘मा’ होतो, आणि आपली बाबा, मामा ही नाती नेमकी याच अक्षरांवर उभी आहेत. त्यामुळे पहिली हाक कुणाला मारली, यावर वाद होणारच.

आधी रडणं, मग दोन-तीन महिन्यांत हुंकार, सहा ते दहा महिन्यांत ही बडबड, आणि वर्षाच्या आसपास पहिला शब्द. ठरावीक गोष्टीसाठी ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा आला, की आपण त्याला शब्द म्हणतो. मग ते कुत्र्यासाठी नुसतं ‘भू’ का असेना.

पण यात तोंडापेक्षा कानाचं काम मोठं आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना! घरात न लागणारा फरक कान वर्षाच्या आत सोडून देतो. म्हणजे तोंडातून शब्द येण्याआधीच भाषा कानात बसत असते.

आता घोटाळा इथेच होतो. ऐकू न येणारं बाळसुद्धा रडतं, हुंकार देतं, हसतं. घरचे निर्धास्त राहतात. अडतं ते पुढे, बा-बा, दा-दा वेळेवर येत नाही तेव्हा. तेव्हाही आपण म्हणतो, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ मागून ताट वाजवून बघतो. बाळ सावलीने किंवा हादऱ्याने वळतं आणि आपण खूश! ती तपासणी नव्हे. खरी तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होते, दुखत नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा दंडक आहे. जन्मतः चाचणी ठीक आली होती, तरी दहा महिने उलटून बडबड नसेल तर ती पुन्हा करून घ्यायची. काही मुलांचं ऐकू येणं नंतरही कमी होतं.