लिनक्सवरील लॅपटॉप-पडद्याच्या रंगांची अतिसंपृक्तता

लिनक्स कार्यप्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या पडद्यावर लाल, हिरवे, केशरी, गुलाबी हे रंग मूळ प्रतिमेत नोंदलेल्या रंगांपेक्षा अधिक भडक दिसणे, याला पडद्याच्या रंगांची अतिसंपृक्तता असे म्हणतात. बहुतेक वेळा हा पडद्याचा बिघाड नसतो. पडदा जितके रंग दाखवू शकतो, त्याहून कमी रंगांसाठी तयार केलेली प्रतिमा कोणत्याही रूपांतराविना त्याच्यापर्यंत पोहोचते आणि पडदा ती आपल्या परीने ताणून दाखवतो. म्हणूनच प्रकाशमान किंवा कॉन्ट्रास्ट कमी करून हा दोष जात नाही. त्यासाठी रंगांचे रूपांतर घडवून आणावे लागते. हे रूपांतर कोठे व किती वेळा घडते, यावर सर्व उपाय अवलंबून आहेत.

स्वरूप

भडकपणा हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असा समज आढळतो. चित्रपट पाहताना तो खपून जातो. रंग हीच माहिती असते तेव्हा मात्र तो खपत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे याचे ठळक उदाहरण आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या या विवरातील खारे, अल्कधर्मी पाणी एरवी हिरवट दिसते. जून २०२०मध्ये ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे आल्याचे आढळले. पाण्याची पातळी घटून क्षारता वाढल्यामुळे त्यांची वाढ झाली होती. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीने लँडसॅट-८ या उपग्रहाने २५ मे व १० जून २०२० रोजी टिपलेल्या सरोवराच्या प्रतिमा शेजारीशेजारी प्रसिद्ध केल्या. या प्रतिमांतील सारे सांगणे हिरव्या व गुलाबी रंगांच्या तुलनेवर उभे आहे.

अशी प्रतिमा विस्तृत रंगांच्या पडद्यावर रूपांतराविना उघडली, तर मातकट गुलाबी पाणी गुलाबाच्या सरबतासारखे दिसते आणि काठावरची झाडी अवास्तव हिरवी होते. याहून गंभीर प्रकार संपादनाच्या वेळी घडतो. छायाचित्रकार आपल्या पडद्यावरील भडकपणा पाहून छायाचित्रातील गुलाबी रंग उतरवतो. त्याच्या पडद्यावर ते आता योग्य दिसते, पण तेच चित्र सामान्य पडद्यावर फिके, जवळजवळ राखाडी दिसते. दोष पडद्याच्या मांडणीत होता, पण तो आता चित्रात कायमचा उतरला. सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅकसारखा रोग पानाच्या छायाचित्रावरून ओळखू पाहणाऱ्यालाही पिवळ्या-हिरव्या छटांबाबत हीच अडचण येते.

कारण

संगणकावरील प्रतिमेचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा व निळा अशा तीन अंकांनी सांगितला जातो. प्रत्येक अंक ० ते २५५ या दरम्यान असतो. पण '२५५ लाल' म्हणजे नेमका कोणता लाल, हे त्या अंकातून कळत नाही. गज म्हटल्यावर कोणाच्या हाताचा गज, असा प्रश्न पूर्वी पडत असे, तसेच हे आहे. या प्रश्नावर ह्युलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६मध्ये एसआरजीबी हे सामाईक माप सुचवले आणि १९९९मध्ये ते आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे मानक झाले. महाजालावरील ज्या प्रतिमेवर रंगमापाचा उल्लेख नसतो, ती एसआरजीबीतील आहे असे आजही गृहीत धरले जाते.

लॅपटॉपचे पडदे दीर्घकाळ या मापाच्या आतच होते. स्वस्त पडदे तर त्याहून बरेच कमी रंग दाखवत. त्यामुळे रूपांतर न करण्याची सवय फारशी बाधली नाही. ओएलईडी व तत्सम पडदे आल्यावर चित्र पालटले. त्यांतील अनेक पडदे डिस्प्ले पी-३ या मोठ्या रंगविस्ताराच्या जवळपास पोहोचतात. १९३१च्या आंतरराष्ट्रीय रंगआलेखावर रंगविस्तार त्रिकोणाने दाखवतात. डिस्प्ले पी-३चा त्रिकोण एसआरजीबीच्या त्रिकोणापेक्षा सुमारे ३६ टक्के मोठा आहे. दोन्ही त्रिकोणांचे निळे टोक एकच असून लाल व हिरवी टोके बाहेर सरकलेली आहेत. म्हणून अतिसंपृक्तता लाल-हिरव्या छटांत प्रकर्षाने जाणवते, तर शुद्ध निळा फारसा बदलत नाही.

एसआरजीबीतील शुद्ध लाल, म्हणजे २५५, ०, ०, हा डिस्प्ले पी-३ पडद्यावर अचूक दाखवायचा तर पडद्याला २३४, ५१, ३५ हे अंक द्यावे लागतात. शुद्ध हिरव्यासाठी ते ११७, २५१, ७६ असे होतात. लोणारच्या पाण्यासारख्या मातकट गुलाबी छटेचे अंक २००, १२०, १३० मानले, तर पडद्याला १८९, १२४, १३१ मिळायला हवेत. हा बदल घडला नाही की भडकपणा येतो.

उपजत रंगव्यवस्था असलेल्या प्रणालींत हे काम पडद्यामागे होते. मॅकओएस संपूर्ण पडद्याचे रूपांतर स्वतः करते. विंडोजवर अनेक लॅपटॉप-उत्पादक एसआरजीबी पद्धत निवडण्याची स्वतःची साधने देतात. लिनक्स बसवताच ही साधने निघून जातात आणि तोच पडदा अचानक भडक भासतो. अशा वेळी ड्रायव्हरला दोष दिला जातो. प्रत्यक्षात ड्रायव्हरने अंक जसेच्या तसे पोहोचवलेले असतात.

निदान

प्रथम रात्रीच्या प्रकाशाची सोय व पडदा उबदार करणारी इतर साधने बंद करावीत. नंतर करड्या रंगाची पट्टी आणि माणसाच्या चेहऱ्याचे ओळखीचे छायाचित्र पाहावे. अचूक रूपांतरात पांढरा व करडा बदलत नाहीत. म्हणून करडा स्वच्छ दिसत असूनही चेहरे तांबूस व पाने झगझगीत दिसत असतील, तर ती अतिसंपृक्तता होय. करडाच निळसर किंवा पिवळसर दिसत असेल, तर प्रश्न श्वेतबिंदूचा आहे आणि त्याचा उपाय वेगळा आहे.

पडद्याचे चित्र टिपून दुसऱ्याला पाठवण्याचा उपयोग होत नाही. पडदाटिपणात केवळ अंक नोंदले जातात, पडद्यातून निघालेला प्रकाश नोंदला जात नाही. मदत मागणाऱ्याला भडक दिसणारे चित्र मदत करणाऱ्याच्या संगणकावर अगदी साधे दिसते आणि संवाद तेथेच खुंटतो.

एएमडीच्या काही लॅपटॉपवर बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याचा मागील प्रकाश कमी करून चित्राचे अंक वाढवले जातात. पॉवर-प्रोफाइल्स-डीमन या सेवेच्या २०२४मधील ०.२० आवृत्तीपासून ही सोय बॅटरीवर आपोआप सुरू होऊ शकते. चार्जर लावताच रंग बदलत असतील, तर कारण बहुधा हेच असते; ती सोय बंद केल्यावर उरलेल्या दोषाचा विचार करावा.

रंगप्रोफाइल आणि त्याबद्दलचा गैरसमज

आठ कंपन्यांनी १९९३मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाच्या, म्हणजे आयसीसीच्या, नमुन्यातील प्रोफाइल ही पडद्याच्या रंगगुणांची नोंदवही असते. लिनक्सवर ती सांभाळण्याचे काम कलरडी ही सेवा करते. प्रोफाइल बसवले की रंग सुधारतील, अशी अपेक्षा असते. बहुतेकांची निराशा येथेच होते.

प्रोफाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे पडद्याचे वर्णन: त्याचा लाल, हिरवा व निळा नेमका कसा आहे. दुसरी म्हणजे ग्राफिक्स कार्डात भरावयाचे तीन वक्र. हे वक्र प्रत्येक रंगाच्या अंकावर स्वतंत्रपणे चालतात आणि त्यांनी करड्या छटा सुधारतात. संपृक्तता मात्र त्यांना सुधारता येत नाही. वरील शुद्ध लालाचेच उदाहरण घ्यावे. तेथे हिरव्याचा अंक ० वरून ५१ व्हायला हवा. पण हिरव्याच्या वक्राने ०चे ५१ केले, तर काळ्या बिंदूतही ५१ हिरवा येईल आणि सारा काळोख हिरवा होईल. लालाच्या अंकाकडे पाहून हिरवा किती घालायचा, हे ठरवणे वक्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. ग्नोममध्ये दीर्घकाळ संपूर्ण पडद्याला हे वक्रच तेवढे लावले जात होते. त्यामुळे प्रोफाइल 'चालू' दिसूनही भडकपणा कायम राहत असे.

संपृक्ततेसाठी तीन ओळी व तीन स्तंभांची सारणी लागते. एसआरजीबीतून डिस्प्ले पी-३मध्ये जाताना तिची पहिली ओळ ०.८२२५, ०.१७७५, ०, दुसरी ०.०३३२, ०.९६६८, ०, आणि तिसरी ०.०१७१, ०.०७२४, ०.९१०५ अशी असते. प्रत्येक ओळीची बेरीज १ येते, म्हणून पांढरा व करडा अढळ राहतात. हा गुणाकार प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणांवर करायचा असतो, साठवलेल्या अंकांवर नव्हे. आधी अंक प्रकाशात उलगडणे, मग सारणी लावणे आणि शेवटी पुन्हा अंकांत बांधणे, असा क्रम आहे. लिनक्स कर्नलच्या पडदाविषयक भागात या तिन्ही पायऱ्यांसाठी जागा ठेवलेल्या आहेत.

सुधारणा

आज सर्वांत सरळ मार्ग केडीई प्लाझ्मा ६ आणि वेलँड हा आहे. प्लाझ्माची ही मालिका फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली. तिच्यातील केविन हा खिडक्या जुळवणारा घटक साध्या अनुप्रयोगांची प्रतिमा एसआरजीबीतील आहे असे मानतो आणि पडद्याच्या प्रोफाइलनुसार संपूर्ण रूपांतर करतो. पडद्याच्या मांडणीत प्रोफाइलची फाइल देता येते. मालिकेच्या पुढील आवृत्त्यांत पडद्याने स्वतःबद्दल दिलेली अंगभूत माहितीही निवडता येते. ही अंगभूत माहिती, म्हणजे ईडीआयडी, प्रत्येक वेळी खरी असतेच असे नाही. काही उत्पादक विस्तृत पडद्यातही एसआरजीबीचेच आकडे लिहून ठेवतात, आणि तसे असेल तर निवड करूनही फरक पडत नाही.

जुन्या एक्स ११ व्यवस्थेत एएमडीच्या व इतर काही ड्रायव्हरवर एक्सरँडर या आज्ञेने ही सारणी थेट भरता येते. आकडे विशिष्ट द्विमान स्वरूपात द्यावे लागत असल्याने बहुतेक जण लिबव्हायब्रंट किंवा व्हायब्रंटलिनक्स वापरतात. त्यात संपृक्ततेचा सरकता मापक असतो. १ हे मूळ मूल्य असून त्याखाली गेल्यास रंग उतरतात. एनव्हिडियाच्या मांडणीतील डिजिटल व्हायब्रन्स ऋण बाजूला नेल्यासही असाच परिणाम होतो. हे उपाय डोळ्यांना आराम देणारे आहेत, अचूक नाहीत. ते सर्व रंग सारख्या प्रमाणात उतरवतात, तर पडद्याचा लाल व हिरवा वेगवेगळ्या अंतराने सरकलेला असतो.

केवळ महाजालावरील चित्रांपुरता प्रश्न असेल, तर फायरफॉक्सच्या प्रगत मांडणीतील रंगव्यवस्थेचे मूल्य २ ऐवजी १ करावे. मग रंगमापाचा उल्लेख नसलेल्या चित्रांनाही एसआरजीबी मानून रूपांतर होते. वेलँडवर पडद्याचे प्रोफाइल फायरफॉक्सला वेगळे दाखवून द्यावे लागते. गिंप, क्रिता, डार्कटेबल व डिजिकॅम यांत स्वतःची रंगव्यवस्था आहे. छायाचित्रांचे गंभीर काम करणाऱ्याला बाकीचा डेस्कटॉप भडक राहिला तरी यांवर निभावता येते.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. केविन संपूर्ण पडद्याचे रूपांतर करत असताना गिंपलाही पडद्याचे प्रोफाइल दिले, तर तेच रूपांतर दोनदा होऊन चित्र फिके दिसते. अशा वेळी अनुप्रयोगाला पडदा एसआरजीबी आहे असेच सांगावे. अनुप्रयोग व पडदा यांच्यात रंगमापाची देवाणघेवाण व्हावी यासाठी वेलँडचा रंगव्यवस्थापन-संकेत सुमारे पाच वर्षांच्या चर्चेनंतर फेब्रुवारी २०२५मध्ये स्वीकारला गेला. अनुप्रयोग तो जसजसा अंगीकारतील, तसतसा हा गोंधळ कमी होईल.

प्रोफाइल मिळवणे

उत्तम प्रोफाइल रंगमापक उपकरणाने स्वतः तयार करावे. आर्गिलसीएमएस आणि त्यावर बेतलेले डिस्प्लेकॅल ही मुक्त साधने त्यासाठी पुरतात. ओएलईडी पडदा मोजताना त्या प्रकारच्या प्रकाशासाठीची दुरुस्ती-फाइल निवडणे विसरू नये, अन्यथा पांढरा चुकतो. उपकरण महाग वाटते, पण ते रोज लागत नाही. एका गावातील चार-पाच छायाचित्रकारांना एक पुरेसे आहे. उपकरण नसेल तर नोटबुकचेकसारखी परीक्षण-संकेतस्थळे मोजलेल्या लॅपटॉपचे प्रोफाइल देतात, तेही चालते. त्यासाठी लॅपटॉपचे नाव नव्हे, तर आतील पडद्याचा क्रमांक जुळला पाहिजे; एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळे पडदे बसवलेले असतात. शिवाय त्यातील वक्र त्या विशिष्ट नगासाठी असल्याने दुसऱ्या नगावर करडा किंचित रंगू शकतो.

प्रोफाइल प्रत्येक पडद्याचे वेगळे असते. लॅपटॉपला प्रोजेक्टर किंवा बाह्य पडदा जोडल्यास त्याला स्वतंत्र प्रोफाइल द्यावे लागते. एक्स ११वर बाह्य पडदा काढून पुन्हा लावला, की सारणीची मांडणी काही वेळा पुसली जाते व ती नव्याने लावावी लागते.