ब्राउझरची ओळख टिकते कशी?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असो, निकाल पाहावयाचा असो किंवा ईमेल वाचावयाची असो, प्रत्येक वेळीं नांव व पासवर्ड नव्यानें द्यावा लागला म्हणजे विद्यार्थी त्रासतात आणि पालक गोंधळतात. "कालच तर आंत गेलों होतों, मग आज पुन्हां विचारणा कां?" हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर येथें थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ब्राउझर व संकेतस्थळ ज्या नियमांनीं परस्परांशीं बोलतात, त्यांस एचटीटीपी म्हणतात. या पद्धतींत प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. मागील मागणी कोणी केली होती, याची आठवण मुळांत ठेविली जात नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू मॉण्टुली यांनीं एक युक्ति काढिली. तिचें नांव कुकी.

आमच्या खामगांवास जलंबहून आगगाडी आली ती १८७० सालीं. तेव्हां आगगाडीचेंच उदाहरण घेऊं. नित्य प्रवास करणारा मनुष्य मासिक पास काढितो. तो एकदां पैसे भरतो आणि पुढें रोज केवळ पास दाखवितो. कुकी हा असाच पास होय. आपण नांव व पासवर्ड बरोबर दिला कीं संकेतस्थळ एक सांकेतिक खूण ब्राउझरजवळ देतें. पुढील प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर ती खूण आपण होऊन दाखवितो. पास हरवला, फाडला अगर त्याची मुदत संपली, कीं पुन्हां खिडकीशीं जावें लागतें.

आतां हा पास नाहींसा कां होतो तें पाहूं. कांहीं कुकी ब्राउझर बंद होईपर्यंतच टिकतात. कांहींस मुदत असते. साइन इन करितांना 'मला लक्षांत ठेवा' अशा अर्थाची चौकट दिसल्यास तींत खूण करावी, म्हणजे बहुधा मुदतीची कुकी मिळते. ही मुदतही अमर्याद नसते. क्रोमनें २०२२ पासून ती अधिकांत अधिक ४०० दिवस ठरविली आहे. दुसरें कारण, इन्कॉग्निटो म्हणजे गुप्त खिडकी. ती बंद करतांच तिच्यांतील सर्व कुकी पुसल्या जातात. तिसरें, ब्राउझर बंद होतांना कुकी पुसण्याची योजना सेटिंग्जमध्यें चालू असणें. फायरफॉक्समध्यें ती गोपनीयता व सुरक्षा या विभागांत सांपडते. चौथें, साफसफाई करणारीं ॲप. पांचवें, संगणकाची तारीख चुकलेली असणें. घड्याळ पुढें गेलें तर चालू पासही मुदत संपलेला ठरतो.

हीं पांच कारणें क्रमानें तपासलीं असतां बहुतेक अडचण दूर होते. परंतु बँका व पुष्कळ सरकारी संकेतस्थळें थोडा वेळ काम थांबतांच आपणांस बाहेर काढितात, तें दोष म्हणून नव्हे, तर संरक्षण म्हणून. तेथें उपाय शोधीत बसूं नये. अर्जाचीं कागदपत्रें आधीं जुळवून मगच साइन इन करावें.

पासवर्ड जतन करणें व साइन इन राहणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलींत ब्राउझर पासवर्ड स्मरणांत ठेवून पुन्हां भरून देतो. दुसरींत पासवर्डाची गरजच पडत नाहीं. म्हणूनच दुसरींत धोकाही आहे. पास ज्याच्या हातीं, प्रवास त्याचा. ज्याच्या हातीं आपली कुकी पडते, तो पासवर्ड न जाणतांही आपल्या नांवानें आंत शिरूं शकतो.

यास्तव आमचें सांगणें एवढेंच. घरच्या व स्वतःच्या यंत्रावर ही सोय खुशाल घ्यावी आणि त्या यंत्रास कुलूपाचा आंकडा लावावा. शाळेंतील, सायबर कॅफेमधील किंवा शेजाऱ्याच्या संगणकावर मात्र 'लक्षांत ठेवा' या चौकटीस हात लावूं नये. काम संपतांच साइन आउट करावें. केवळ खिडकी बंद करणें पुरेसें नाहीं. विसर पडलाच, तर गूगलसारख्या खात्यांत दूरच्या यंत्रांवरूनही साइन आउट करण्याची सोय असते. पालकांनीं ती एकदां मुलांकडून समजून घ्यावी. वर्षभराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज परक्या हातीं जाण्यापेक्षां पासवर्ड पुन्हां एकदां लिहिण्याचे श्रम फार थोडे आहेत.