उसाचे पाचट : जाळावे की त्याचा कोळसा करावा?

उसाची तोड झाली की फडात हेक्टरी सुमारे ८ ते १० टन पाचट उरते. ते लवकर कुजत नाही आणि खोडव्याच्या मशागतीस अडथळा करते. म्हणून पुष्कळ शेतकरी त्यास काडी लावून मोकळे होतात. त्या एका काडीने पाचटातील सेंद्रिय द्रव्य व बहुतेक सर्व नत्र धुरावाटे निघून जाते.

पाचट चुलीत घातले तर भडकन पेटते आणि लगेच विझते. त्यापासून टिकाऊ जळण करण्याची रीत पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेत डॉ. आनंद कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसविली. या कामास २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

ही रीत अशी : पत्र्याच्या पिंपांत पाचट दाबून भरावे, वायू बाहेर पडण्यापुरती वाट ठेवून झाकण लावावे व पिंपे विटांच्या भट्टीत ठेवून खाली थोडे पाचट पेटवावे. पिंपात हवा शिरत नसल्याने आतील पाचट पेटत नाही. त्याचा कोळसा होतो. बाहेर पडणारा ज्वालाग्राही वायू भट्टीतच जळून पुढील उष्णता पुरवितो. कोळशाच्या भुकटीत पिठाची खळ कालवून कांड्या पाडाव्यात व उन्हात वाळवाव्यात. त्या जवळजवळ धुराविना जळतात. मात्र बंद खोलीत कोळसा कधीही पेटवू नये. त्याचा विषारी वायू प्राणघातक ठरतो.

हाच वायू थंड केला तर त्यातून द्रवरूप पदार्थ मिळतात. भद्रावती येथील कारखान्यात १९२३ पासून लाकडाचा कोळसा करताना मिथाइल अल्कोहोल व डांबर काढीत असत. उसाच्या चिपाडापासून फरफ्युरल हे रसायनही तयार होते. वंगण तेलाच्या शुद्धीकरणात व राळ बनविण्यात त्याचा उपयोग होतो. ही कामे अर्थात कारखान्याची आहेत. कोळशाची भट्टी मात्र गावात चालू शकते.

तथापि सर्वच पाचट भट्टीत घालावे, असे नव्हे. जमिनीचा वाटा पहिला. १० टन पाचट सरीत कुजविल्यास सुमारे ४० किलो नत्र जमिनीत राहते, ओल टिकते व तण दबते. खोडवा ठेवावयाचा असल्यास पाचट रानातच आच्छादावे. फड मोडावयाचा असेल आणि पाचट बाहेर काढणे भागच असेल, तर त्याचा कोळसा करावा. काडी मात्र दोन्ही वेळी खिशातच राहू द्यावी.